आगगाडीचा खरा रंग मोटारींच्या शेडबुकात शोधा

जुने रेल्वे इंजिन नव्याने रंगवायचे ठरले की बहुतेक ठिकाणी तोच प्रकार घडतो. कोणीतरी मोबाइलवर जुना फोटो दाखवतो आणि म्हणतो, "हाच तो हिरवा." दुसऱ्याला तो याहून गडद आठवत असतो. तिसऱ्याने कुठल्याशा म्युझियममध्ये तसेच इंजिन पाहिलेले असते आणि तिथला हिरवा आणखी वेगळा असतो. चर्चा लांबते, काम अडते आणि शेवटी दुकानातल्या शेडकार्डावरची त्यातल्या त्यात जवळची छटा उचलली जाते. मग जुना रंग घासून काढतात. इंजिनाच्या अंगावरचा पुरावा त्याच दिवशी धुळीत जातो आणि पुढची पिढी त्या अंदाजालाच इतिहास समजून चालते.

हे टाळता येते, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती थोडी चिकाटी, आणि एक वस्तू. ती रेल्वेच्या गोदामात सहसा सापडत नाही, मोटारी रंगवणाऱ्यांच्या कपाटात सापडते. ती म्हणजे जुन्या मोटारींच्या रंगांचे शेडबुक. अमेरिकेतल्या रेल्वेवेड्यांनी या शेडबुकांच्या आधारे आपल्या जुन्या गाड्यांचे रंग शोधण्याची एक चांगली वाट पाडली आहे. ती वाट मराठी वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हे आवाहन. अमेरिकेत राहून सुट्टीच्या दिवशी तिथल्या रेल्वे म्युझियममध्ये हात काळे करणारे आपले लोक, घरच्या टेबलावर अमेरिकन इंजिनांची मॉडेल रंगवणारे हौशी, आणि ज्यांच्या गॅरेजात किंवा माळ्यावर जुनी शेडकार्डे पडून आहेत अशी कुटुंबे, या सगळ्यांसाठी ते आहे.

आठवण आणि फोटो कुठे फसवतात

पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे उदाहरण घ्या. या कंपनीची जीजी-वन ही विजेवर चालणारी इंजिने १९३४ ते १९४३ या काळात १३९ बांधली गेली. रेमंड लोवी या डिझायनरने त्यांचे अंग गुळगुळीत केले आणि त्यावर सोनेरी रंगाच्या पाच बारीक रेघा ओढल्या. इंजिनाचा मूळ रंग हिरवा. शौकीन त्याला ब्रन्सविक ग्रीन म्हणतात; कंपनीच्या कागदांत तो 'डार्क ग्रीन लोकोमोटिव्ह इनॅमल' होता. हा हिरवा इतका गडद की सावलीत उभे इंजिन सरळ काळेच दिसते. ऊन अंगावर आले की मगच त्यातला हिरवा डोळ्याला कळतो. आता ढगाळ दिवशी काढलेला फोटो पाहून कोणी काळा रंग घेईल, आणि भर उन्हातला फोटो पाहून दुसरा कोणी झाडाच्या पानासारखा हिरवा घेईल. दोघेही प्रामाणिक असतील आणि दोघेही चुकतील.

फोटोच्या अडचणी इथेच संपत नाहीत. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लाल पट्टा काळा उमटतो आणि निळा भाग पांढुरका. १९३०च्या दशकात कोडॅक्रोम आल्यावर रंगीत चित्रे मिळू लागली, पण प्रत्येक फिल्मची रंगांची आपली अशी ओढ असते. त्यावर छपाईची शाई, स्कॅनर आणि मोबाइलचा पडदा, अशी प्रत्येक पायरी रंगाला थोडे ढकलत जाते. फोटोवरून पट्टा कुठून कुठे गेला, अक्षरे किती उंचीची होती, छप्पर कोणत्या रंगगटातले होते हे पक्के कळते. नेमकी छटा मात्र फोटोवरून ठरवू नये.

म्युझियममध्ये उभ्या असलेल्या गाडीलाही डोळे झाकून प्रमाण मानू नका. जीजी-वन मालिकेतले ४९३५ क्रमांकाचे इंजिन १९७७ साली पुन्हा जुन्या हिरव्या-सोनेरी वेशात आणले गेले. ते आज स्ट्रॅसबर्ग इथल्या रेलरोड म्युझियम ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये आहे. असे काम मोलाचेच आहे. तरीही कुठल्याही पुन्हा रंगवलेल्या गाडीसमोर उभे राहून एक प्रश्न विचारला पाहिजे: ही छटा कशावरून ठरवली? उत्तर लेखी असेल तर विश्वास ठेवा. नसेल तर तो फार तर कोणाचा तरी चांगला अंदाज आहे, एवढेच धरा.

मोटार आणि इंजिन एकाच कारखान्याच्या रंगात

मोटारीच्या रंगाचा रेल्वेशी संबंध काय, असे कोणीही विचारेल. संबंध अगदी जवळचा आहे.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटारीला तेलाच्या रंगाचे आणि व्हार्निशचे हात देत. एकेक हात वाळायला वेळ लागे आणि गाडी रंगून बाहेर पडायला आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत होती. १९२३ साली ड्यूपॉन्ट कंपनीने ड्युको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणले आणि चित्र पालटले. हा रंग फवाऱ्याने मारता येई आणि काही तासांत वाळे. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या १९२४च्या मॉडेलला निळ्या ड्युकोत झळकल्या. आपल्याकडचे सुतार आणि पेंटर गुळगुळीत स्प्रेकामाला आजही ड्युको म्हणतात, ते याच रंगावरून.

रंग वाढले तशी गॅरेजवाल्यांची अडचणही वाढली. अपघातात चेपलेला मडगार्ड सरळ करून त्यावर बाकीच्या गाडीशी मिळताजुळता रंग मारायचा तर नेमकी छटा हवी. म्हणून रंगाच्या कंपन्या दरवर्षी प्रत्येक मोटार कंपनीच्या रंगांची पाने छापू लागल्या. त्यावर खऱ्या रंगाचे छोटे तुकडे चिकटवलेले असत. ड्यूपॉन्ट, डेट्रॉइटची डिट्झलर, शेरविन-विल्यम्स अशा कंपन्यांची ही पाने गॅरेजोगॅरेजी गेली. डिट्झलर १९२८ साली पिट्सबर्ग प्लेट ग्लास, म्हणजे आजच्या पीपीजी कंपनीकडे गेली. ड्यूपॉन्टचा मोटार-रंगांचा व्यवसाय २०१३ साली विकला गेला आणि आता अ‍ॅक्झाल्टा या नावाने चालतो.

आता रेल्वेकडे या. ड्यूपॉन्टकडे जनरल मोटर्सचे सुमारे २३ टक्के समभाग होते. याच मालकीमुळे मोटारींना लागणारे रंग आणि कापड विकण्यात ड्यूपॉन्टला झुकते माप मिळते, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ साली ड्यूपॉन्टच्या विरोधात निकाल लागला. त्याच जनरल मोटर्सने १९३० साली इलेक्ट्रो-मोटिव्ह ही कंपनी विकत घेतली होती. अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांना निवृत्त करणारी बरीचशी डिझेल इंजिने पुढे याच कंपनीच्या ला ग्रेंज इथल्या कारखान्यातून बाहेर पडली. सांता फे रेल्वेच्या सुपर चीफ गाडीचा तो प्रसिद्ध लाल-चंदेरी वेश १९३७ साली रंगवला तो जनरल मोटर्सचाच चित्रकार लेलंड निकरबॉकर याने. मोटारींसाठी ड्युको आणि रेल्वेचे डबे-इंजिने, ट्रक, यंत्रे यांसाठी ड्युलक्स हे इनॅमल, अशी ड्यूपॉन्टची साधारण विभागणी होती. इंजिनांवरची अक्षरे पूर्वी सोन्याच्या वर्खाने काढत. पुढे अनेक रेल्वे कंपन्यांनी वर्ख सोडून ड्युलक्स गोल्ड हा रंग घेतला.

थोडक्यात, मोटार आणि इंजिन यांचे रंग बऱ्याचदा एकाच कंपनीत, त्याच रंगद्रव्यांतून बनत होते. रेल्वेचे नमुने फार कमी छापले गेले आणि त्यांतलेही थोडेच उरले. मोटारींची शेडबुके मात्र गावोगावच्या गॅरेजांत गेली, आणि म्हणून ती आजही हाती लागतात.

शेडबुकाचे पान कसे वाचावे

जुन्या शेडबुकाचे पान हातात घ्या. जाड कागद, वर मोटार कंपनीचे नाव आणि साल. खाली ओळीने रंगाचे चौकोन, साधारण टपाल तिकिटाएवढे. बोट फिरवले तर चौकोनाची कड लागते, कारण ती छपाईची शाई नसून वेगळ्या कार्डावर फवारलेला खरा रंग असतो. प्रत्येक चौकोनाखाली मोटार कंपनीने दिलेले नाव आणि रंग कंपनीचा क्रमांक.

नाव सोडून द्या आणि क्रमांक उतरवून घ्या. नावे दरवर्षी बदलत. तोच हिरवा एका कंपनीकडे एका नावाने आणि दुसरीकडे दुसऱ्या नावाने विकला जाई. क्रमांकाला जोडलेली इंग्रजी अक्षरे रंगाची जात सांगतात: लॅकर की इनॅमल. ही जात महत्त्वाची आहे, कारण चकाकी आणि जुनेपणी होणारा बदल तिच्यावरच अवलंबून असतो. काही पुस्तकांत मिश्रणाची कृतीही असते: कुठला रंग वजनाने किती. त्यातले मूळ रंग आज त्याच क्रमांकाने मिळणार नाहीत. तरी काळ्यात किती हिरवा, हिरव्यात किती पिवळा, हे कळणे हाच मोठा लाभ आहे. ट्रक, बस अशा ताफ्यांच्या रंगांची पाने वेगळी असत. ती दिसली तर आधी तीच पाहा.

इंटरनेटवर अशा पानांचे स्कॅन भरपूर आहेत. त्यांचा उपयोग क्रमांक शोधण्यापुरता करा. पडद्यावरच्या चौकोनावरून रंग ठरवायचा असेल तर शेडबुक शोधण्याचे कष्ट घेण्यात काही अर्थ उरत नाही.

आधी इंजिनाला विचारा

शेडबुक उघडण्याआधी गाडीच्या अंगावरचा जुना रंग शोधा. शेडबुक हा दुय्यम पुरावा आहे. पहिला पुरावा लोखंडावरच असतो. ऊन, पाऊस आणि पुसण्याचा बोळा जिथे पोचले नाहीत अशा जागा पाहा: क्रमांकाच्या पाटीमागे, दरवाजाच्या बिजागरीखाली, दांडीच्या बैठकीखाली, बॅटरीच्या पेटीच्या आत. पाटी काढायची असेल तर आधी फोटो घ्या आणि म्युझियमच्या प्रमुखांची लेखी परवानगी घ्या.

जागा सापडली की रुपयाच्या नाण्याएवढा भाग निवडा. ओल्या वॉटर पेपरने, ४०० नंबरने सुरुवात करून मग ६०० आणि १००० नंबरने, गोल गोल हळूच घासा. मध्यभागी जोर जास्त, कडेला कमी. थोड्या वेळाने पाणी पुसले की रंगाची वर्तुळे दिसू लागतात, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी. मधोमध लोखंड किंवा तांबडे अस्तर, त्याभोवती करडा हात, मग पहिला खरा रंग, त्यावर काजळीची काळी रेघ, मग पुढचा रंग. ही काजळीची रेघ फार बोलकी असते. तिच्या खालचा रंग उघड्या हवेत धावला होता, हे ती सांगते. दोन थरांमध्ये अशी रेघ नसेल तर ते एकाच वेळी मारलेले दोन हात असण्याचा संभव जास्त. अस्तर किंवा पुट्टीवरचा करडा हात यांनाच गाडीचा रंग समजण्याची चूक सहज होते, म्हणून थर आतून बाहेर मोजा आणि प्रत्येकाची नोंद करा.

पिठूळ पडलेला जुना रंग फिका दिसतो. त्यावर स्वच्छ पाण्याचा किंवा पारदर्शक खनिज तेलाचा एक थेंब ठेवा. त्या थेंबाखाली रंगाची मूळ खोली पुन्हा दिसते. तुलना करायची ती या ओल्या ठिपक्याशी किंवा पॉलिश केलेल्या भागाशी.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. जुन्या रंगात शिसे असते. तेजस्वी पिवळे, केशरी आणि काही हिरवे रंग तर शिसे आणि क्रोमियम यांच्याच संयुगांचे बनलेले असत. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. रेल्वे इंजिनावरचा थर यांच्या कितीतरी आधीचा. कोरडे घासू नका, ब्लोलॅम्प लावू नका, धूळ झटकू नका. घासताना पाणी वापरा, योग्य फिल्टरचा मास्क आणि हातमोजे घाला, पुसलेली चिंधी बंद पिशवीत टाका. घरी लहान मुले असतील तर कामाचे कपडे वेगळे धुवा.

जुळवणी: घाई न करता

इंजिनावरचा ठिपका आणि शेडबुकाचे पान एकत्र आले की खरे काम सुरू होते. करड्या रंगाच्या पुठ्ठ्यात एकमेकींना लागून दोन चौकोनी खिडक्या कापा. एका खिडकीत इंजिनाचा रंग, दुसरीत शेडबुकातला चौकोन. पानाचा पांढरा कागद डोळ्याला फसवतो, तो झाकला गेला पाहिजे. शेजारच्या लाल-पिवळ्या चौकोनांचेही तसेच.

पहिली तुलना दिवसाउजेडी, थेट उन्हात नव्हे तर उघड्या आकाशाच्या सावलीत करा. दुसरी पिवळ्या बल्बखाली करा. तिसरी ट्यूबलाइटखाली. दिवसा हुबेहूब जुळलेले दोन रंग बल्बखाली वेगळे दिसले, तर ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनले आहेत. आजच्या दुकानातल्या मशीनवर मिसळलेला रंग इथेच अनेकदा नापास होतो. जुन्या मोटारीचा चौकोन मात्र बऱ्याचदा टिकतो, कारण तो त्याच पिढीच्या रंगद्रव्यांचा असतो. मोटारींच्या शेडबुकाचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो.

त्या काळातले सगळे चौकोन पाहा. 'सर्वांत जवळचा' एक, 'त्याहून जरा पिवळट' एक आणि 'त्याहून जरा गडद' एक असे तीन निवडा. खरा रंग या तिघांच्या मध्ये कुठेतरी आहे, असे लिहून ठेवणे हे 'हाच तो' म्हणण्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. एका माणसाने ठरवू नका. दोन-तीन जणांनी एकमेकांना न सांगता निवड करावी आणि मग चिठ्ठ्या उघडाव्यात. त्यातल्या कोणाला रंग ओळखण्यात अडचण आहे का, हे आधी मोकळेपणाने विचारून घ्यावे.

मग त्या रंगाला आकड्यांत बांधा. बोस्टनचे चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली मांडलेली पद्धत यासाठी आजही उत्तम आहे. रंग कोणत्या जातीचा, किती उजळ आणि किती तेज, या तीन गोष्टींवर ती चालते. स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळाला तर १९७६ साली ठरलेल्या 'लॅब' (L*a*b*) या रंगमोजणीच्या पद्धतीचे आकडे घ्या. दोन रंगांतला फरक त्यात डेल्टा ई या एककात मोजतात. तो १ च्या आसपास असेल तर सराईत नजरेलाच कळतो. आता पेंटच्या मोठ्या दुकानांतही असे यंत्र असते. शेडबुक फाटेल, इंजिन पुन्हा रंगवले जाईल, पण हे आकडे पन्नास वर्षांनी कोणीही उघडून तोच रंग बनवू शकेल.

शेवटची पायरी नमुन्याचा पत्रा. टपाल तिकिटाएवढ्या चौकोनावरून पूर्ण इंजिन रंगवायला घेऊ नका. तोच रंग मोठ्या पृष्ठभागावर जास्त उजळ आणि भडक वाटतो. निदान हातभर पत्र्यावर नेहमीच्या अस्तरासकट रंग फवारा, वाळू द्या, इंजिनाशेजारी उभा करा आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ पाहा.

शेडबुकालाही मर्यादा आहेत

शेडबुक अंधारात, मिटलेले राहते, म्हणून उन्हापासून वाचते. तरी म्हातारपण त्यालाही येते. तेलाचे आणि अल्किड रंग अंधारात पिवळट पडतात. काही दिवस उजेडात ठेवले की तो पिवळेपणा काही अंशी उतरतो. नायट्रोसेल्युलोज लॅकरही वयाने पिवळे होते. पांढऱ्यावर ते लगेच दिसते, आणि निळा त्यामुळे हिरवट वाटू लागतो. म्हणून पान उघडले की आधी त्यावरचा पांढरा किंवा क्रीम चौकोन पाहा. तोच पिवळा पडला असेल तर बाकीच्यांवरही तितकीच छाया आहे असे धरा. शक्य तर त्याच वर्षाची दोन पुस्तके, वेगवेगळ्या ठिकाणी जपलेली, शेजारी ठेवून पाहा.

दुसरी गोष्ट. त्या काळीही रंग दरवेळी तंतोतंत एकसारखा येत नव्हता. रेल्वे कंपन्या पुरवठादाराला नमुन्याचे पॅनेल देत आणि त्यापासून किती ढळलेले चालेल हेही ठरवून देत. कारखान्यातून निघालेली गाडी आणि धूर-धूळ-साबण सोसून दोन वर्षे धावलेली गाडी यांच्यात उघड फरक असे. अटलांटिक कोस्ट लाइन कंपनीने १९३९ पासून आपली डिझेल इंजिने जांभळ्या-चंदेरी रंगात चालवली आणि १९५७ साली जांभळा सोडून दिला. त्या वेशातले ५०१ क्रमांकाचे इंजिन नॉर्थ कॅरोलायनातल्या स्पेन्सरच्या म्युझियममध्ये पाहायला मिळते. असा जांभळा उन्हात टिकणे कठीण. म्हणून कुठलेही इंजिन रंगवण्याआधी ठरवा: ते कोणत्या सालचे दाखवायचे, आणि कारखान्यातून निघालेल्या दिवसाचे की रुळावर मुरलेले. हे ठरले नाही तर अचूक रंगाचा वाद कधीच संपणार नाही.

तिसरी गोष्ट, कागद. अमेरिकेत राहणाऱ्यांना ही सोय आहे, तिचा उपयोग करा. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या हॅगली म्युझियम आणि ग्रंथालयात ड्यूपॉन्ट कंपनीचे दप्तर आहे आणि पेनसिल्व्हेनिया रेलरोडचेही बरेच कागद आहेत. रंग बनवणारा आणि वापरणारा, दोघांची दप्तरे एकाच छपराखाली. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीचे दप्तर शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. एखादे पत्र, एखादी मागणीची यादी, त्यावर रंगाचा एक क्रमांक, एवढे मिळाले तरी शेडबुकातली शोधाशोध निम्म्यावर येते.

मॉडेल रंगवणाऱ्यांना दोन शब्द

लहान मॉडेलवर खरा रंग जसाच्या तसा मारला तर तो जड आणि गडद दिसतो. खरे इंजिन आपण दुरून पाहतो आणि मधली हवा त्याला थोडे उजळ करते. मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो. म्हणून रंग किंचित उजळ करावा लागतो. आधी खरा रंग शोधून, त्याची नोंद करून, मग उजळ करा; अंदाजात अंदाज मिसळू नका. आणि तुमच्या खोलीतला दिवा कोणता ते आधी पाहा. मॉडेल ज्या उजेडात कायम राहणार, त्याच उजेडात शेवटची निवड करा.

आपल्या दारातले काम

ही सगळी खटपट परदेशातल्या इंजिनांपुरती ठेवू नये, असे मनापासून वाटते. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीन सुरू झाली. जीआयपी रेल्वेच्या या गाडीचे दोन संच होते. एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा रॉयल ब्ल्यू, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमधून आले आणि वरचे डबे बांधले गेले माटुंग्याच्या कारखान्यात, म्हणजे आपल्याच कारागिरांच्या हातांनी. हे वर्णन बहुतेक प्रत्येक लेखात येते. पण 'रॉयल ब्ल्यू' म्हणजे नेमका कोणता निळा? नावावरून छटा ठरत नाही. ती एखाद्या तुकड्यावरून ठरेल: डब्याच्या जुन्या फळीवरून, दरवाजाच्या मुठीखालच्या पापुद्र्यावरून, कारखान्यातल्या रंगाच्या नोंदवहीवरून. तोच शोध नेरळ-माथेरानच्या गाडीचा आणि सीएसएमटीला मांडलेल्या 'सर लेस्ली विल्सन' या जुन्या इंजिनाचाही घेता येईल.

मोटारींच्या शेडबुकांचा धागाही मुंबईपर्यंत येतो. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. अमेरिकन गाड्या मुंबईत बनून रस्त्यावर धावत होत्या, त्यांचे मडगार्ड इथेच चेपत होते आणि इथेच रंगत होते. तीन-तीन पिढ्या डेंटिंग-पेंटिंगचे काम करणाऱ्या कुटुंबांच्या कपाटांत त्या काळची पाने उरली असण्याची शक्यता आहे. पुढच्या काळातली भारतीय कंपन्यांची शेडकार्डेही तितकीच मोलाची. आपल्या लोकलचा, एसटीचा, पद्मिनी टॅक्सीचा रंग उद्या कोणी शोधायला निघाला तर त्याला हीच लागतील.

म्हणून माझी विनंती अशी.

तुमच्या घरी, दुकानात, गॅरेजात जुने शेडबुक असेल तर ते रद्दीत घालू नका. उन्हात ठेवू नका, त्यातले चौकोन उचकटू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. साध्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी आडवे ठेवा. वडिलांनी-आजोबांनी पानांवर पेन्सिलीने काही खरडले असेल तर ते पुसू नका. कोणत्या गाडीला काय मिसळले याची ती नोंद असू शकते. मुखपृष्ठावरचे साल आणि कंपनीचे नाव टिपा आणि जवळच्या म्युझियमला, मोटारींच्या किंवा रेल्वेच्या अभ्यासकाला कळवा. द्यायचे नसेल तर देऊ नका. पाहू द्या, मोजू द्या, एवढेच पुरे आहे.

रेल्वेत, एसटीत, कारखान्यात काम केलेल्या ज्येष्ठ मंडळींना भेटा. रंगखात्यातल्या माणसाला रंगाचे नाव आठवणार नाही, पण डबा कुठून येई, त्यावर कोणाचा शिक्का असे, काळा किती आणि पिवळा किती टाकत, हे नक्की आठवेल. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

तुम्ही कुठल्याही म्युझियमच्या, देवस्थानाच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या समितीवर असाल आणि जुनी वस्तू रंगवायचा ठराव पुढे आला, तर एक ओळ त्यात घालायला लावा: रंगकामापूर्वी जुन्या थरांचा नमुना घेऊन तो साल, जागा आणि आकड्यांसह जपला जाईल. तळहाताएवढा एक भाग, शक्यतो पाटीमागचा, कायमचा न रंगवता सोडला जाईल. याला खर्च जवळजवळ काहीच नाही. पण आज आपण निवडलेला रंग चुकला असेल, तर पुढच्या माणसाला तो दुरुस्त करता येईल. हा हक्क आपण त्याच्याकडून काढून घेता कामा नये.